अठरा फरश्या

फक्कीची पिशवी फोडली की आधी शिंक येते. दरवर्षी येते. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, शाळेच्या कुंपणापलीकडची ज्वारी हुरड्याला आलेली असते, कडुलिंबाची पानं गळायला लागलेली असतात आणि मी मैदानावर वाकून पांढऱ्या रेघा मारत असते. वीस मीटर लांबीची पट्टी, दर पाच मीटरला एक आडवी रेघ. शिपाईमामा म्हणतात, "मॅडम, मी मारतो की." पण त्यांची रेघ वाकडी जाते. वाकडी रेघ म्हणजे चुकीचं अंतर आणि चुकीचं अंतर म्हणजे चुकीचा वेग, हे मी त्यांना अकरा वर्षांत पटवू शकले नाही. ते म्हणतात, "पोरं चालून चालून किती चालणार?"

गतीचा धडा नववीला जूनमध्येच येतो. पण जूनमध्ये आमचं मैदान कामाचं नाही. काळी माती, एक सर पडली की चप्पल उचलली जात नाही आणि फक्कीची रेघ दहा मिनिटांत मातीत विरते. म्हणून धडा जूनमध्ये आणि प्रयोग जानेवारीच्या शेवटी, हा माझा शिरस्ता. तोवर मुलं धडा विसरलेली असतात. तेही बरंच. विसरलेला माणूस निदान खरं काय ते मोजतो.

प्रयोग साधा आहे. दोघांची जोडी. एकानं चालायचं, दुसऱ्यानं स्टॉपवॉच घेऊन बाजूनं उभं राहायचं आणि दर रेघेला किती सेकंद झाले ते वहीत लिहायचं. मग अदलाबदल. मग वर्गात येऊन आलेख कागदावर ठिपके द्यायचे आणि ते जोडायचे. एकसारखा चालला असेल तर तिरकी सरळ रेघ. मध्येच थांबला तर रेघ आडवी होते, कारण माणूस थांबला तरी वेळ थांबत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की आता मला ते ऐकू येत नाही.

मी दोनच गोष्टींवर अडून बसते. एक, नेहमीसारखं चालायचं, शर्यत नाही. आणि दोन, आधी रेघ मारून मग तिच्यावर ठिपके बसवायचे नाहीत. मुलं ते हमखास करतात. पट्टी ठेवून सुरेख तिरकी रेघ ओढायची आणि मग तिला शोभतील असे आकडे तक्त्यात भरायचे. अशा वह्या मला लांबूनही कळतात. खऱ्या माणसाचे ठिपके इतके शहाणे नसतात.

वर्गात मुलांची संख्या विषम असली की जोड्या लावताना एक जण उरतो. त्याचं घड्याळ मी धरते.

तीन वर्षांपूर्वीच्या याच दिवसांत मी आणखी एक माणूस मोजत होते.

माझे वडील. मी त्यांना दादा म्हणायचे. नांदेडला इतवाऱ्याच्या मागच्या एका गल्लीत ते एकटे राहत. वय ऐंशी पार. मी लातूरला एकटी. लग्न मोडून बावीस वर्षं झालीत, मूल नाही. माझी शाळा लातूर-नांदेड रस्त्याला चाकूरच्या अलीकडे आहे, त्यामुळे शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तशीच फाट्यावर येऊन नांदेडची एसटी धरायची. अहमदपूरला चहा, लोह्याला डुलकी, चारच्या सुमारास नांदेड. रविवारी दुपारी परत. असं बरीच वर्षं चाललेलं होतं आणि त्यात कुणाला काही कमी पडतंय असं वाटत नव्हतं.

दादा रेल्वेत चावीवाले होते. रुळांना खालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. रोज पहाटे खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि काखेत झेंड्या घेऊन निघायचं, सैल चावी दिसली की ठोकून बसवायची. सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. असं त्यांनी तीस-बत्तीस वर्षं केलं. स्लीपरवरून चालणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही आणि रेंगाळताही येत नाही. पाऊल एका स्लीपरवरून पुढच्यावरच पडावं लागतं. दादांचं पाऊल त्या मापाचं झालं होतं, दोन फुटांचं. लहानपणी मी त्यांच्यासोबत बाजारात जायचे तेव्हा मला सारखं पळावं लागायचं. ते थांबायचे नाहीत. "तू पाय उचल," एवढंच म्हणायचे.

निवृत्तीनंतर घर बांधलं तेव्हा त्यांनी दोन बाय दोनच्या शहाबादी फरश्या स्वतः निवडल्या. घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या, रेल्वेच्या डब्यासारख्या. पुढच्या दारापासून मागच्या न्हाणीपर्यंत सरळ रांगेत अठरा फरश्या. एका फरशीवर एक पाऊल. गवंडी म्हणाला होता, "चाचा, चार फरश्या तिरक्या टाकू, डिझाईन दिसंल." दादा म्हणाले, "डिझाईनवर पाय घसरतो."

त्या वर्षी दिवाळीनंतर ते न्हाणीत पडले. काही मोडलं नाही. पण मी म्हटलं, आता बस, लातूरला चला.

"लातूरला काय हाय?"

"मी आहे."

"तू शाळेत असतीस. मी काय तिथं भिंतीसंगं बोलू?"

"इथं कोण आहे बोलायला?"

त्यांनी हातानं उघड्या दाराकडं दाखवलं. समोर रेहानाभाभीचं घर. ती साड्यांना फॉल-पिको करते, तिचं मशीन दारातच असतं. पलीकडं घड्याळदुरुस्तीवाला, त्याच्या पलीकडं हापसा. दादांचं म्हणणं असं, की या गल्लीत कुणी शिंकलं तरी चार दारांतून विचारणा होते.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. "तू पोरांना मोजतीस ना? मला मोज. दर शनवारी. पुढच्या दारापून न्हाणीपोत. चाल बिघडली की मी आपून होऊन येतो. तोवर नाव काढायचं न्हाई."

"किती सेकंद झाले की बिघडली?"

"वीस. विसाच्या वर गेलो की माझी गठडी बांध."

मला पटलं. आकड्यावर भांडण मिटतं असा माझा अनुभव आहे. अठरा फरश्या म्हणजे अकरा मीटर. पहिल्या शनिवारी चौदा सेकंद. मी आलेख कागदाला दोन भोकं पाडून तो कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. आडव्या अक्षावर शनिवार, उभ्या अक्षावर सेकंद. चौदा. चौदा. साडेतेरा. चौदा. दादा न्हाणीच्या दाराला हात लावून वळायचे आणि विचारायचे, "किती?" मी सांगितलं की समोरून रेहानाभाभी ओरडायची, "पास हुए क्या बाबा?" दादा म्हणायचे, "पैल्या नंबरानं." घड्याळवाला दुकानातून मान बाहेर काढायचा. पुढं पुढं तर शनिवारी चार वाजता आमच्या ओट्याशी दोन-तीन जण उगाचच उभे असायचे.

ठिपके एका ओळीत येत होते. किती सरळ येत होते हे मला दिसायला हवं होतं. आठ आठवडे, ऐंशी वर्षांचा माणूस, हिवाळ्याची थंडी, गुडघे, आणि ठिपके पट्टीनं मारल्यासारखे. मुलाच्या वहीत असं दिसतं तर मी लाल शाईनं फुली मारली असती. इथं मी कागद पुन्हा खिळ्याला अडकवला आणि चहा टाकला. खरं सांगायचं तर मला चौदाच हवे होते. माझं घर दोन खोल्यांचं, माझं जेवण एका कुकरमध्ये, माझ्या सकाळी मिनिटामिनिटाच्या. चौदा म्हणजे सगळं आहे तिथंच राहणार.

त्याच आठवड्यात मैदानावर प्रयोग चालू होता. दीक्षा नावाची एक मुलगी होती, बारीक, वेण्या घट्ट, प्रश्न विचारताना हात वर न करणारी. ती वही घेऊन आली. "मॅडम, हे रीडिंग खोटं हाय."

"कुणाचं?"

"समद्याचंच. माझं बी. तुमी तिथं रेघंवर उभ्या ऱ्हाता न, मग लई ताठ चालल्यावानी होतंय. घरी जाताना आमी असं चालत न्हाई."

"मी नेहमीसारखं चाला म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलं म्हणूनच तर होतंय की."

मुलं हसली. मी तिला म्हटलं, मग सिद्ध कर. दुसऱ्या दिवसापासून पाच मुली व्हरांड्यात वह्या घेऊन अभ्यास करत बसल्या. फाटकापासून ऑफिसच्या पायरीपर्यंत चाळीस मीटर आम्ही आधीच मोजून ठेवले होते. हेडसर रोजच्यासारखे आले तेव्हा बावन्न सेकंद. शिपाईमामा पाण्याची कळशी घेऊन, सत्तर. तपासणीसाठी साहेब फाटकात उतरले त्या दिवशी हेडसरांनी तेच अंतर चोवीस सेकंदांत कापलं आणि मामांनी त्याहून कमी वेळात. दीक्षानं दोन रंगांत आलेख काढला. मी तो भिंतीवर लावू दिला नाही, पण तिला पूर्ण गुण दिले.

मग त्याच दुपारी मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत बसून मी तिच्या आलेखाकडं बघत होते. निळी रेघ, न सांगता मोजलेल्याची. तांबडी रेघ, बघणारा समोर असतानाची. आणि मला कॅलेंडरच्या खिळ्याला लटकणारा कागद आठवला. तो सगळा तांबडाच होता.

बुधवारी गावच्या जत्रेची सुट्टी होती. मी काही न कळवता नांदेडला गेले.

बारा वाजले असतील. गल्लीत ऊन सरळ पडलेलं, कुणाच्या तरी घरातून तळलेल्या मिरच्यांचा ठसका. आमचं दार उघडं होतं. मी आधी रेहानाभाभीच्या दारात थांबले. तिनं मशीन थांबवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मला तिला काही विचारावं लागलं नाही.

"बाजी, आज कशा काय? आज तर शनिवार न्हाई."

"म्हणूनच आले."

ती दोरा तोडत हळू आवाजात बोलायला लागली. "मी लई दिवसापासून सांगणार होते. पण बाबानं कसम घातली. दर हप्त्याला गुरुवारपासून ते उठत न्हाईत, बाजी. जेवण मीच नेऊन देते. म्हणतात ताकद साठवायची हाय. गुडघ्याची गोळी डॉक्टरनं रोज सांगितली, ते हप्त्याला एकच खातात, शनिवारी तीन वाजता. म्हणतात रोज खाल्ली तर शनिवारी असर करत न्हाई."

तिच्या खांद्यावरून मला आमचं घर आरपार दिसत होतं. दादा पुढच्या खोलीतल्या बाजेवरून उठत होते. पर्समध्ये शाळेचं स्टॉपवॉच होतं. ते मी कधी काढलं आणि कधी दाबलं ते मला कळलं नाही. हाताची सवय.

पहिल्या फरशीवर दोन्ही पाय. मग भिंतीला तळहात. मग दुसरी. पाचव्या फरशीपाशी पत्र्याची पेटी आहे, तिच्यावर ते बसले. थोडं बसले. उठले. मधल्या खोलीत त्यांचा हात भिंतीवरून सरकताना बांगडीसारखा आवाज येत होता, अंगठीचा. भिंतीला त्या उंचीवर एक काळपट पट्टा पडलेला होता. मी दर शनिवारी त्या भिंतीसमोर बसून चहा प्याले होते. न्हाणीच्या दाराला हात लागला तेव्हा मी घड्याळ थांबवलं. एक मिनिट सहा सेकंद.

मी आत गेले. ते वळले, तेव्हा माझ्या हातातलं घड्याळ त्यांना आधी दिसलं आणि मी नंतर.

"आज शनवार हाय का?"

"नाही. बुधवार."

"मग मोजायचं न्हाई."

"मोजलं, दादा."

ते न्हाणीच्या उंबऱ्यावर बसले. समोर मशीन अजून बंदच होतं. मग म्हणाले, "किती?"

मला चौदा म्हणता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. पण मी कुणाच्या वहीत खोटं रीडिंग चालवून घेत नाही, आणि त्यांनीही आयुष्यात सैल चावी पक्की म्हणून सांगितली नव्हती. मी आकडा सांगितला.

"मिनिटाच्या वर?"

"हो."

"बारा किलोमीटर चालत होतो मी," ते फरशीला म्हणाले. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठले. "ठरलं ते ठरलं. गठडी बांध."

गठडी छोटी झाली. चार धोतरं, स्वेटर, आईचा फोटो. हातोडा मी नको म्हटलं, त्यांनी घेतला. रेहानाभाभीनं शिरखुर्मा करून डब्यात घातला, ईद नसताना. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. घड्याळवाला म्हणाला, "चाचा, हात धरू?" दादा म्हणाले, "मागं हो," आणि गल्ली एकट्यानं चालून गेले. दारादारांत माणसं उभी होती. ते किती सेकंद होते ते मला माहीत नाही. पण बरेच कमी होते.

लातूरला माझ्या घरात चकचकीत फरशी आहे, मोठ्या तुकड्यांची, सांधे दिसत नाहीत. दादा पहिल्या दिवशी दारातच थांबले, तळ्याच्या काठावर थांबावं तसे. "पाय कुठं टाकू? समदं एकच हाय."

संध्याकाळी मी हिरवी चिकटपट्टी आणली आणि मोजायचा टेप लावून दर दोन फुटांवर एक पट्टी चिकटवली, हॉलपासून न्हाणीघरापर्यंत. अकरा पट्ट्या. ते बघत बसले होते. "सरळ आलं का बघा," मी म्हटलं. "तिसरी जरा वाकडी हाय," ते म्हणाले. मी ती काढून पुन्हा लावली.

गोळी रोज सुरू झाली, जेवण वेळेवर, सगळं व्यवस्थित. शनिवारी मी दुपारी दीडलाच घरी यायचे. पहिल्या शनिवारी चार वाजता ते दारापाशी जाऊन उभे राहिले. शर्टाची वरची गुंडी लावलेली.

"मोज की."

"आता कशाला, दादा? आता आलात ना इथं."

"असंच."

"नको. आरामात चाला."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. "मोजत न्हाईस म्हंजी मी पास का नापास?"

मी हसून स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं मी त्यांना परीक्षेतून सोडवते आहे.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. हळूहळू चार पट्ट्यांपर्यंतच चालू लागले, मग खुर्चीपर्यंत. मी साडेआठला कुलूप लावून जायचे आणि पाच वाजता यायचे. मधल्या वेळात त्या घरात काय चाले ते मला माहीत नाही. रेहानाभाभीचा फोन यायचा. "बाबा चालतात का, बाजी? इथं शनिवारी चार वाजता अजून पण माणसं ओट्याकडं बघतात." मी म्हणायचे, चालतात. खोटं रीडिंग.

मृगाच्या आधी ते गेले. झोपेत, त्रास न होता. सगळे म्हणाले, चांगलं मरण आलं, लेकीजवळ होते. मी हो म्हटलं. पण मला माझी चूक माहीत आहे आणि ती मी कुणाला सांगत बसत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती चूक वाटणार नाही. मी त्यांना नांदेडहून आणलं ती चूक नव्हती. विसाच्या वर म्हणजे विसाच्या वर. मी घड्याळ बंद केलं, ती चूक. गुरुवारपासून निजून, गोळी राखून, एका माणसाला त्या अठरा फरश्या चालून दाखवायच्या होत्या. मी इकडं फरशीवर पट्ट्या चिकटवल्या आणि रेघेवरून मात्र निघून गेले.

पट्ट्या अजून आहेत. फरशी पुसायला येणारी बाई दर महिन्याला विचारते, "ताई, खरडून काढू का?" मी म्हणते, राहू दे, डिंक निघत नाही. निघतो, मला माहीत आहे. सकाळी चहाचा कप घेऊन मी हॉलमधून न्हाणीघराकडं जाते तेव्हा माझे पाय आपोआप पट्ट्यांवर पडतात. उजवा गुडघा हल्ली आवाज करतो. एकदा मी फोनमधलं घड्याळ लावून स्वतःला मोजून बघितलं. काही जमलं नाही. अर्धं लक्ष बटणावरच्या अंगठ्यात राहतं. हा प्रयोग एकट्यानं करण्याचा नाही, हे मीच इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले आहे.

यंदा नववीत सत्तेचाळीस मुलं आहेत. काल मैदानावर तेवीस जोड्या लागल्या आणि समीना उरली. नवीन आहे, दिवाळीनंतर उदगीरहून आलेली, अजून कुणाशी फारशी बोलत नाही. मी तिचं घड्याळ धरलं. ती चालली, मी दर रेघेला आकडा सांगितला, तिनं परत येऊन तो लिहिला. मग ती तिथंच उभी राहिली.

"झालं की. जा आता."

"अदलाबदल ऱ्हायली, मॅडम."

"माझं काय मोजायचं?"

"जोडी हाय ना आपली," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

मी स्टॉपवॉच तिच्या तळहातावर ठेवलं. रेघेमागं जाऊन उभी राहिले. तेवीस जोड्यांचा गलका होता, कुंपणापलीकडं कुणीतरी ज्वारीतली पाखरं हाकत होतं. पदर खोचला. समीनानं बाजूला उभं राहून, डोळे बारीक करून, माझ्या पायांकडं बघितलं. असं माझ्या पायांकडं कुणी बघून किती दिवस झाले असतील, याचा मी हिशेब केला नाही.

"चला," ती म्हणाली.

पाच मीटर. दहा. गुडघा बोलला, मी ऐकलं नाही. पंधरा. वीस.

तिनं घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बारा सेकंद. मॅडम, तुमी लई जोरात चालता. नेहमी असंच चालता का?"

"लिही," मी म्हटलं.